टाकी काढली म्हणतात, मग जमिनीतलं डिझेल कुठं गेलं?

एका वाचक ताईंचं पत्र आलंय, थोडक्यात देते:

"दोन वर्षांपूर्वी आम्ही एक जागा घेतली. पूर्वी तिथे ट्रकचं गॅरेज होतं आणि जमिनीखाली इंधनाची टाकी होती. विकणारे म्हणाले टाकी कधीच काढली, आणि एका पानाचा लॅब रिपोर्टही दिला, त्यात सगळ्यापुढे 'आढळलं नाही' लिहिलंय. यंदा पावसाळा संपता संपता विहिरीच्या पाण्याला घासलेटसारखा वास यायला लागला, वर रंगीत तवंगही दिसतो. शेजारचे म्हणतात उकळून प्या, काही होत नाही. दीर म्हणतात रविवारी जेसीबी आणून सगळं उकरून टाकू. भिंतीला लागून एक लोखंडी पाइप उभा आहे तो कशाचा तेही कळत नाही. घरात सहा वर्षांची मुलगी आहे. सुरुवात कुठून करू?"

ताई, सुरुवात आजच करा, हे वाचून झालं की लगेच. त्या विहिरीचं पाणी पिणं आणि स्वयंपाकाला वापरणं पूर्ण बंद. आणि उकळणं तर अजिबात नको, शेजाऱ्यांचा हेतू चांगला असेल पण हा सल्ला उलटा आहे. उकळल्याने जंतू मरतात, पेट्रोल-डिझेलमधले पदार्थ मरणारे नाहीत, ते गरम पाण्यातून उडून स्वयंपाकघराच्या हवेत येतात, म्हणजे पोटात जाणारं टाळलं आणि छातीत घेतलं असं होतं. याच कारणाने त्या पाण्याची गरम आंघोळही रिपोर्ट येईपर्यंत नको, बंद बाथरूममध्ये मुलीला तर नाहीच. पाणी दुसरीकडून आणा, गैरसोय होईल हे मला माहितीये, पण ही गैरसोय आत्ताच सोसा. आणि घरात खाली कुठे, तळघरात किंवा मोरीच्या तोंडाशी तसाच वास येत असेल तर थांबू नका, दिव्याचं बटण पण दाबू नका, सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि अग्निशमन दलाला बोलवा.

आता दीरांचं. त्यांची तळमळ समजते, पण रविवारचा जेसीबी रद्द करायला सांगा, माझं नाव पुढे करा हवं तर. तुमच्या त्या लोखंडी पाइपबद्दल वाचलं तेव्हाच मला शंका आली. भिंतीला चिकटून सरळ वर गेलेला, टोकाला टोपी किंवा वाकवलेलं तोंड असलेला पाइप जुन्या गॅरेजमध्ये बहुतेक वेळा टाकीचा व्हेंट असतो, टाकीत इंधन भरताना आतली हवा बाहेर पडावी म्हणून. टाकी काढली असती तर तोही काढला असता, निदान कापून बंद केला असता. म्हणजे टाकी अजून खालीच असण्याची बरीच शक्यता आहे, आणि 'रिकामी' टाकी भरलेल्या टाकीपेक्षा घातक असते, कारण आत उरतो तो वाफा आणि हवेचा मिलाफ. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती खड्ड्यात बसून राहते, आणि हवेत साधारण दीड टक्का झाली तरी एका ठिणगीला पुरते. जेसीबीचा दात लोखंडावर घासला की ठिणगी आलीच. शिवाय त्या दणक्यात टाकी फुटून तळाशी उरलेला गाळ नव्याने जमिनीत गेला तर आगीतून फुफाट्यात. टाकी काढायची आहेच, पण आधी गॅस मोजून, आतली वाफ निष्क्रिय करून, हे काम रोज करणाऱ्या लोकांकडून. तोवर त्या पाइपजवळ वेल्डिंग नाही, शेकोटी नाही, आणि विहिरीत कोणीही उतरायचं नाही, मग पंप अडकला असला तरी.

मी भूजलाच्या तपासणीचंच काम करते, बरीच वर्षं झाली, आणि तुमच्यासारखी पत्रं वाचताना मला सगळ्यात जास्त काळजी वासाची नाही तर त्या एका पानाच्या रिपोर्टची वाटते. वास निदान सांगतो तरी की काहीतरी आहे. 'आढळलं नाही' हे दोन शब्द माणसाला दोन दोन वर्षं झोपवून ठेवतात.

तो रिपोर्ट हातात घ्या आणि माझ्याबरोबर वाचा. सँपल कुठून घेतलं हे लिहिलंय का, म्हणजे टाकीच्या कुठल्या बाजूला, किती खोल? माती होती की पाणी? टाकीचा तळ साधारण तीन-चार मीटरवर असतो, आणि माती दीड मीटरवरून घेतली असेल तर गळतीच्या वरची माती तपासून झाली, खालची तशीच राहिली. सँपल कोणी घेतलं, ते लॅबला कधी पोचलं, कोणत्या बाटलीतून? मग तपासलं काय, नुसतं 'तेल व ग्रीस' की बेन्झिन, टोल्यूइन, इथाइलबेन्झिन, झायलिन ही चौकडी वेगवेगळी? आणि सगळ्यात महत्त्वाचं, शेजारच्या रकान्यात मोजण्याची किमान मर्यादा किती दिलीये ते बघा. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यातल्या बेन्झिनची मर्यादा आहे लिटरला ०.०१ मिलिग्रॅम. लॅबची पद्धत ०.०५ च्या खालचं पकडूच शकत नसेल तर 'आढळलं नाही' याचा अर्थ एवढाच की मर्यादेच्या पाचपटीपेक्षा कमी आहे, बास. बेन्झिनने माणसाला कॅन्सर होतो हे पक्कं ठरलेलं आहे, त्यामुळे इथे ढोबळ मोजमाप चालत नाही.

किती बारीक गोष्ट आहे ते एका हिशोबाने सांगते. पेट्रोलमध्ये बेन्झिन एक टक्का धरलं तर एका लिटरमध्ये साधारण ८.८ ग्रॅम. ०.०१ च्या मर्यादेने भागा, ते सगळं पाण्यात उतरलं तर पावणेनऊ लाख लिटरहून जास्त पाणी त्या मर्यादेला जाऊन पोचतं. एक लिटर, ताई. गॅरेजमध्ये भरताना एवढं तर रोज सांडत असेल. आणि नाकावर भरवसा ठेवू नका, शुद्ध बेन्झिनचा पाण्यातला वास माणसाला साधारण १० मिलिग्रॅमला कळतो, म्हणजे मर्यादेच्या हजारपट झाल्यावर. तुम्हाला येणारा वास इतर पदार्थांचाही असू शकतो, म्हणून वास आहे म्हणजे बेन्झिन आहेच असं नाही, आणि उद्या वास गेला म्हणजे पाणी चांगलं झालं असंही नाही.

तवंगाचं मात्र घरच्या घरी थोडं कळतं. बादलीत पाणी काढा, स्थिर होऊ द्या, काडीने तवंग मधोमध तोडा. तुटून काचेच्या तुकड्यांसारखे कोनेरी तुकडे झाले आणि तसेच वेगळे राहिले तर तो बहुधा लोहाच्या जिवाणूंचा थर असतो, निरुपद्रवी. काडी फिरवली की तवंग ताणला जाऊन परत एकमेकांत मिसळला तर ते तेल. यावरून निर्णय करायचा नाही, फक्त तपासणाऱ्याला सांगायला उपयोगी, फोटो काढून ठेवा.

आता खरी तपासणी कशी असते ते सांगते, कारण चार जण चार कोटेशन देतील आणि तुम्हाला कळायला हवं की कोण नीट काम करतोय.

चांगला माणूस पहिल्या दिवशी खोदायला येत नाही, प्रश्न विचारायला येतो. टाकी कधी बसवली, लोखंडाची होती का, आत काय होतं, नुसतं डिझेल की आधी पेट्रोलही होतं (हे नीट शोधा, कारण जुन्या पेट्रोलमध्ये शिसं आणि त्याच्या जोडीला घातलेले पदार्थ असायचे, नंतरच्या काही पेट्रोलमध्ये एमटीबीई नावाचं मिसळलेलं रसायन, आणि लॅबला आधी सांगितलं नाही तर लॅब ते शोधत नाही). भरायचं तोंड कुठे, पंपाचं यंत्र कुठे, मधले पाइप कुठून गेले. लोक टाकीच धरून बसतात, पण गळती बऱ्याचदा पाइपच्या जोडावर किंवा भरण्याच्या तोंडाशी असते. गॅरेजमधल्या जुन्या कामगाराला गाठा, एखादा म्हातारा मेकॅनिक तुम्हाला अर्ध्या तासात जे सांगेल ते नकाशात मिळणार नाही. स्टॉकचं रजिस्टर मिळालं तर सोनंच, आलेलं डिझेल आणि गेलेलं डिझेल यांचा मेळ कोणत्या महिन्यापासून बसेना झाला ते त्यात दिसतं. मग जमिनीवरून यंत्र फिरवून टाकी आणि पाइप कुठे आहेत ते शोधतात, लोखंड असलं तर चुंबकीय यंत्राला सापडतं, रडारने खड्ड्याची कडही दिसते, चिकणमातीत मात्र रडार फार खोल बघू शकत नाही.

त्यानंतर बोअर. इथे इंधन जमिनीत कसं वागतं ते डोक्यात असलं पाहिजे. गळलेलं इंधन आधी सरळ खाली जातं, जाता जाता मातीच्या कणांमध्ये थोडं थोडं अडकून राहतं. पाण्याच्या पातळीला पोचलं की हलकं असल्याने तरंगतं आणि पसरतं. त्यातला विरघळणारा भाग पाण्यात उतरून पाणी ज्या दिशेला वाहतं तिकडे निघतो, आणि उडणारा भाग मातीतून वर, घराच्या फरशीकडे येतो. चार वाटा, आणि तुमच्या त्या एका सँपलने फार तर एक पाहिली असेल. तुमचा वास पावसाळ्यानंतर का आला हेही यातच आहे: कोरड्या दिवसांत पाणी खाली गेलं की तेलही खाली जातं आणि वरची माती माखून ठेवतं, पावसाने पातळी वर आली की तेच पाणी त्या माखलेल्या मातीत उभं राहतं आणि सगळं परत धुऊन घेतं. म्हणून एकदाच, तेही चुकीच्या महिन्यात तपासून काही ठरत नाही.

मातीचे बोअर टाकीच्या चारी बाजूंना, भरायच्या तोंडाशी आणि पाइपच्या वाटेवर घेतात, तळाच्याही खाली पाण्यापर्यंत. दर अर्ध्या मीटरला थोडी माती झिपच्या पिशवीत घालून, बंद करून, जरा वेळ ठेवून त्यातली वाफ एका हातातल्या यंत्राने मोजतात, आकडा जिथे चढतो तिथली माती लॅबला. हे यंत्र पेट्रोलला चांगलं, डिझेलला कमी दाद देतं, त्यामुळे 'मीटरवर शून्य आलं' म्हणून डिझेलच्या जागेवर सँपल टाळणारा माणूस दिसला तर तिथेच थांबवा.

पाण्याच्या तपासणीसाठी वेगळ्या, बारीक निरीक्षण विहिरी करतात, कमीत कमी तीन, त्रिकोणात. तीनच का, तर दोन बिंदूंवरून उतार कळत नाही. प्रत्येकीच्या पाइपच्या कडेची उंची मिलिमीटरपर्यंत मोजायची, मग पाणी कडेपासून किती खाली आहे ते वजा करायचं. जमिनीच्या उतारावरून पाण्याची दिशा गृहीत धरू नका, खाली उलटं असू शकतं, आणि जवळ कोणी मोठा पंप चालवत असेल तर पाणी तिकडे ओढलं जातं. तुमची विहीर स्वतःच तेल स्वतःकडे ओढत असेल हीही शक्यता आहे. वेगाचा अंदाज हवा असेल तर वाळूच्या जमिनीत दिवसाला २० सेंटीमीटर धरा, म्हणजे वर्षाला ७० मीटरच्या आसपास, चिकणमातीत त्याच्या कितीतरी कमी. आणि खाली कातळ असेल तर हा सगळा हिशोब बाजूला, तिथे तेल भेगांमधून जातं, दहा मीटरवरचा बोअर कोरडा स्वच्छ आणि शंभर मीटरवरची विहीर खराब असं होतं. कातळ असेल तर कन्सल्टंटला विचारा की भेगांची दिशा कशी बघणार, उत्तर देता आलं नाही तर दुसरा बघा.

एक चूक मी स्वतः जवळून पाहिलीये, ती लिहितेच. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात आमच्या टीमने एका जागी निरीक्षण विहीर केली, आणि जाळीचा पाइप, म्हणजे ज्या भागातून पाणी आत येतं तो, पाण्याच्या पातळीच्या दोन मीटर खाली बसवला. वर सगळा बंद पाइप. तेल तरंगतं वरती, त्याला आत यायला वाटच नव्हती. आम्ही तीन वेळा सँपल काढली, तिन्ही स्वच्छ, रिपोर्टवर मीही सही केली. सहा महिन्यांनी पलीकडच्या घरातल्या बाईंनी पोहरा वर काढला तर पाण्यावर बोटभर डिझेल. त्या बाईंनी ते पाणी किती दिवस वापरलं असेल हा प्रश्न अजून माझ्या डोक्यातून जात नाही. तेव्हापासून मी कुठल्याही रिपोर्टमध्ये आधी बोअरचं चित्र उघडते: जाळी पाण्याच्या पातळीच्या वरही हवी आणि खालीही, वर्षभरात पातळी जेवढी वरखाली होते तेवढी सगळी तिच्यात मावली पाहिजे. तुम्हीही तेच बघा, त्याला इंजिनिअर असायची गरज नाही.

सँपल घेताना तिथे उभ्या राहा, प्लीज. पंप हळू चालवायचा, मिनिटाला अर्ध्या लिटरपेक्षा कमी, पाण्याचं तापमान, पीएच, क्षारता स्थिर होईपर्यंत. बाटली म्हणजे ४० मिलिलिटरची काचेची छोटी कुपी, लॅबकडूनच ॲसिड घालून आलेली. पाणी काठावरून आत सोडायचं, फेस नाही, इतकं की तोंडावर पाण्याचा फुगीर घुमट उभा राहिला पाहिजे, मग झाकण. कुपी उलटी करून बोटाने टिचकी मारायची आणि उजेडाकडे धरून बघायची, आत बुडबुडा दिसला तर ती बाद, नवीन भरायची, कारण बेन्झिन त्या बुडबुड्यात निघून जातं आणि लॅबला कमी आकडा येतो. मग बर्फात. पेटीत लॅबने भरून दिलेली शुद्ध पाण्याची एक कुपी न उघडता सोबत जाऊन परत आली पाहिजे, तिच्यात काही सापडलं तर प्रवासातच गडबड झाली. प्लास्टिकच्या पाण्याच्या बाटलीत सँपल भरणारा माणूस कितीही स्वस्त असला तरी नको.

तुमच्या विहिरीचं सँपल मात्र यासाठी थांबवू नका, ते याच आठवड्यात लॅबला जाऊ दे, वरची चौकडी, नॅप्थलीन, एकूण पेट्रोलियम, आणि पेट्रोलची शंका असली तर एमटीबीई आणि शिसं. एमटीबीई मुद्दाम सांगतेय, ते बेन्झिनपेक्षा वीसपटीहून जास्त विरघळतं, मातीला चिकटत नाही आणि सगळ्यांच्या पुढे धावतं. १९९६ साली अमेरिकेतल्या सांता मोनिका शहराला त्याच्यापायी पिण्याच्या पाण्याच्या विहिरी बंद कराव्या लागल्या होत्या.

घाबरवण्यासाठी हे लिहिलेलं नाही, दिलासा देण्यासारखंही बरंच आहे. मातीतले जिवाणू हे पदार्थ खातात, आधी ऑक्सिजन वापरून आणि तो संपला की नायट्रेट, लोह, सल्फेट यांच्या आधाराने. अमेरिकेतल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेने १९९५ साली कॅलिफोर्नियातल्या गळक्या टाक्यांच्या जागांचा अभ्यास केला, तेव्हा बेन्झिनचा पट्टा बहुतेक ठिकाणी २५० फुटांच्या पलीकडे गेलेला नव्हता. म्हणजे गळती थांबवली, तरंगणारं तेल काढलं आणि माखलेली माती उचलली तर बऱ्याच जागा हळूहळू सुधारतात. पण 'आपोआप जाईल' हे म्हणायचा हक्क तीन-चार फेऱ्यांचे आकडे उतरताना दिसल्यावर, त्याआधी नाही. आणि कोणी विहिरीत तेलाची जाडी मोजून 'अर्धा मीटर तेल आहे' असं सांगितलं तर हबकू नका, विहिरीतली जाडी जमिनीतल्यापेक्षा बऱ्याचदा जास्त दिसते.

विकणाऱ्यांशी फोनवर भांडू नका. लेखी विचारा: टाकी कोणी काढली, कधी, तिचं पुढे काय झालं, कागद द्या. तो रिपोर्ट, विक्रीचे कागद, व्हेंट पाइपचे फोटो एका फाइलमध्ये ठेवा, आणि तुमच्याकडच्या प्रदूषण नियंत्रणाच्या कार्यालयाला लेखी कळवून पोच घ्या, कारण बहुतेक ठिकाणी अशी गळती कळवावी लागते आणि उशीर झाला तर जबाबदारी तुमच्यावर ढकलली जाऊ शकते. वकिलाकडे लॅबचा आकडा आल्यावर जा, वासाच्या जोरावर तो काही करू शकणार नाही. शेजाऱ्यांनाही सांगा ताई, अवघड वाटलं तरी. त्यांची विहीर तुमच्या खालच्या बाजूला असेल तर तेही उकळूनच पीत असतील.

आणि दीरांना काम हवंय ना, त्यांना हे द्या: एक दोरी, तिला खाली वजन, विहिरीच्या कठड्यावर खडूने एक खूण. दर रविवारी बाहेर उभं राहूनच, त्याच खुणेपासून पाणी किती खाली आहे ते मोजायचं आणि वहीत तारीख, पातळी, पाऊस झाला का, वास आहे का, एवढं लिहायचं. बोअर सुरू व्हायच्या आधीचे असे सहा-आठ रविवार हातात असले तर जाळी किती खोलीवर बसवायची हे ठरवताना त्या वहीचा फार उपयोग होतो. लॅबचा रिपोर्ट आला की वहीच्या फोटोसकट मला पाठवा, मी बघते.